चहा चालत नाही

मराठीत ‘चालत नाही’ इतके सोयीचे शब्द मला दुसरे माहीत नाहीत. कुणाला वांगे चालत नाही, कुणाला रात्री दही चालत नाही, कुणाला चतुर्थीला कांदा-लसूण चालत नाही, आपल्याला डुक्कर चालत नाही आणि कुणाला मुसलमानाच्या घरचे पाणी चालत नाही. जिभेची नावड, पोटाची तक्रार, धर्माचा निषेध आणि सरळसरळ विटाळ, हे सगळे या दोन शब्दांत एकत्र राहते. उर्दूत यासाठी तीन वेगळी दारे आहेत. पसंद नहीं, रास नहीं आता, हराम है. बोलणाऱ्याला त्यातले एक दार उघडावेच लागते. मराठीत तशी सक्ती नाही. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी विषय शिकवण्यात आयुष्य घालवले. त्यामुळे शब्दांचा कीस काढण्याची सवय जडली आहे. पण या दोन शब्दांनी मला वर्गात नव्हे, घरात गाठले.

आम्ही १९९४ साली सांगली जिल्ह्यातून गोवंडीला राहायला आलो. दंगलीला दीड वर्ष होत आले होते. शहराच्या इतर भागांतून उठून आलेली कितीतरी कुटुंबे तेव्हा या बाजूला खोल्या शोधत होती. एका अंगाला १९७१ पासूनचा देवनारचा कत्तलखाना, दुसऱ्या अंगाला १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारे डंपिंग ग्राउंड आणि मध्ये शिवाजीनगर, बैंगनवाडीच्या गल्ल्या. पहिल्याच ईदला मी शाळेतल्या सहकाऱ्यांना घरी बोलावले. त्यांतले एक गृहस्थ वयाने माझ्याहून मोठे, स्वभावाने गोड, माझ्या मराठीचे मनापासून कौतुक करणारे. ते आले, बसले, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. शीरखुर्मा पुढे आला तेव्हा म्हणाले, आज उपास आहे. आम्हाला ते पटले. मग अम्माने चहा पाठवला. ते म्हणाले, “चहा चालत नाही हो मला. पित्त होते.” पाण्याचा पेला तेवढा त्यांनी जवळ ओढून ठेवला आणि जाताना तो तसाच भरलेला होता.

त्यानंतर महिन्याभराने चेंबूर स्टेशनबाहेर ते मला दिसले. हातात कटिंगचा ग्लास, दुसऱ्या हातात खारी. त्यांनी मला पाहिले नाही. मी मात्र पुढची कितीतरी वर्षे त्यांना तसेच पाहत राहिलो. घरी येऊन अम्माला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पित्त होता बोले ना? तो होता होयेंगा. किसी दिन होता, किसी दिन नै होता.”

अम्माच्या या समजूतदारपणाचा मला राग आला. त्या रागाच्या मुळाशी काय होते, ते पुढे येईल.

आपल्या मराठी मुलखात चहाच्या कपाने मोठमोठ्यांची परीक्षा घेतली आहे. पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण अनेकांना माहीत असेल. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावणे होते. व्याख्यान झाले, मग चहा आणि बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ यजमानांचा मान राखायला कप हाती धरला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावभर काहूर उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, बहिष्काराची भाषा झाली. शेवटी १८९२ साली रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्याच सुधारक मित्रांना त्याचे फार दुःख झाले.

मला या प्रकरणातली गंमत वेगळीच वाटते. एवढा वाद झाला, पण चहा कसा होता हे कुणी विचारले नाही. गोड होता की अगोड, दूध होते की नव्हते, कुणाला आवडला, कुणाला नाही. तो कुणाच्या हातचा होता, एवढाच प्रश्न. ज्या समाजात कपाकडे पाहिल्यावर आधी हात दिसतो, तिथे आवडनिवड नावाची गोष्ट शिल्लक राहत नाही. तिथे ‘मला नको’ हे एका माणसाचे वाक्य राहत नाही, त्याच्या पाठीमागे सगळी जमात उभी राहते.

आणि हे फक्त त्यांचेच असे म्हणून सुटता येत नाही. आमच्या गावच्या घरात, मागच्या दारी, एका कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे. गल्ली झाडायला येणारी बाई तो स्वतः उचलायची, अम्मा वरून चहा ओतायची, पिऊन झाल्यावर बाई तो विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायची. आपल्या दीनमध्ये विटाळ नाही, हे मी मदरशात शिकून आलो होतो. मशिदीच्या सफीत नवाब आणि नोकर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हेही अभिमानाने सांगत होतो. तो कप मात्र मी वर्षानुवर्षे पाहिला आणि त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणूनच सहकाऱ्याच्या न घेतलेल्या चहाची बाजू अम्माने घेतली, तेव्हा मला राग आला असावा. कोनाड्यातला कप आम्हा दोघांनाही ठाऊक होता. बाईला गुळाचा चहा मिळायचा, कारण साखर रेशनची. तिला गुळाचा आवडायचा की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही.

गोवंडीत आल्यावर मी पहिल्यांदा पाहिले की आवड ही फक्त खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टपरी आहे. पहाटे फज्रची नमाज झाली की तिथे स्टोव्ह पेटतो. सगळ्यांत आधी रात्रपाळीचे रिक्षावाले येतात, त्यांना ‘पानी कम’ हवा असतो. मग जरीच्या कारखान्यांतली पोरे, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली, रात्रभर खाटल्यावर वाकून सुई चालवलेली. त्यांना आले हवे, वेलची नको, वेलचीचा चहा म्हणजे त्यांच्या मते लग्नातला चहा. कचरा वेचायला डंपिंगवर जाणाऱ्या बायका कडक आणि दुप्पट साखरेचा घेतात, त्यात पाव बुडवतात, दुपारपर्यंतचे जेवण तेच. एक चाचा आहेत. त्यांचे उमेदीचे दिवस आखातात मलबारी कामगारांसोबत गेले. त्यांना बिनदुधाचा, लिंबू पिळलेला सुलेमानी लागतो. टपरीवाला कुरकुरतो, पण त्यांच्यासाठी लिंबू ठेवतो. बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजाराला राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून, मध्य प्रदेशातून व्यापारी येतात. त्या दिवसांत टपरीवर इतक्या तऱ्हा ऐकू येतात की पोऱ्या बोटे मोजत राहतो.

टपरीवाल्याला कुणाचेही नाव माहीत नाही. त्याला माणसे चहावरून माहीत आहेत. एकदा त्याने मला विचारले, “वो डबल शक्कर आजकल आती नहीं. बीमार है क्या?” ती बाई वारली होती. त्या वस्तीत तिची अशी खास ओळख कुठे असेल तर ती त्या टपरीवर होती. बाकी सगळीकडे ती यादीतला आकडा होती. या लोकांना पाणी कुठले मिळावे हे ठरवता येत नाही. टँकर येईल तेव्हा येतो, ड्रमचे पाणी विकत घ्यावे लागते. हवा ठरवता येत नाही, जानेवारी २०१६ मध्ये डंपिंगला आग लागली तेव्हा कित्येक दिवस आम्ही धूरच खात होतो. राहायची जागा ठरवता येत नाही, ती पालिका ठरवते नाहीतर दंगल ठरवते. पण कपात साखर किती, हे मात्र ती बाई ठरवत होती. चुकून कमी पडली तर ग्लास परत करायची. गरिबाने मिळेल ते निमूट घ्यावे, त्याला कसली आवड, असे मानणाऱ्या सज्जनांनी तिला ग्लास परत करताना पाहायला हवे होते.

हे पाहत असतानाच मौलाना अबुल कलाम आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ मी पुन्हा वाचायला घेतले. विद्यार्थिदशेत वाचले तेव्हा त्यातल्या फारसी बैतांनी दमवले होते. या वेळी चहाचे पत्र हाती लागले आणि मी अडकलो. हे पुस्तक आपल्या महाराष्ट्रातच लिहिले गेले. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. तिथून त्यांनी आपले मित्र नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. ती पाठवता येणार नव्हती, हे माहीत असून लिहिली. पुस्तक १९४६ साली निघाले.

पहाटे, सगळे झोपलेले असताना मौलाना उठत आणि स्वतःच्या हाताने चहा करत. चहा चिनी, चमेलीच्या नावाचा, हलका आणि सुगंधी. दुधाचा थेंब नाही. एक घोट चहाचा, एक झुरका सिगारेटचा, असा क्रम. त्यांच्या मते आपण हिंदुस्थानी लोक जो पितो तो चहाच नव्हे, तो दूधसाखरेचा एक पातळ गोड पदार्थ आहे. इंग्रजांनी चहात दूध घालण्याची चूक केली आणि आपण ती डोक्यावर घेतली. साखरेबद्दलही त्यांचे मत असेच कडक. साखर स्वच्छ, स्फटिकासारखी हवी, नाहीतर चहाची चव बिघडते.

पहिल्या वाचनाला कुणालाही वाटेल, आणि मलाही वाटले, की देश पेटलेला असताना हे काय चालले आहे? १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांची बेगम कलकत्त्यात वारली. ते किल्ल्यातच होते, शेवटची भेट झाली नाही. सरकारकडे सवलत मागायची नाही, हा त्यांचा निश्चय होता. असा माणूस चमेलीच्या चहावर पानेच्या पाने लिहितो. पण टपरीवरच्या बाईला ग्लास परत करताना पाहिल्यावर मला ते पत्र निराळे दिसू लागले. किल्ल्यात मौलानांचे काय उरले होते? वर्तमानपत्र केव्हा मिळेल, पत्र जाईल की नाही, दार केव्हा उघडेल, हे सगळे दुसऱ्याच्या हाती. पहाटेचा तो कप त्यांच्या स्वतःच्या हातचा होता. कैदेत आपली आवड जपणे म्हणजे आपण अजून आपलेच आहोत, याची स्वतःला खूण पटवणे. एकाला त्यासाठी चिनी चमेली लागली, दुसरीला दोन चमचे साखर. मोल मात्र दोन्हीचे सारखे, असे मी आता म्हणतो. मौलानांना हे पटले असते की नाही, कुणास ठाऊक.

कारण मौलाना एवढ्यावर थांबले नाहीत. आपला चहा तोच चहा आणि बाकीच्यांचा तो चहाच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. कैदेत सोबतीला पंडित नेहरू होते. पंडितजींना गोडाची आवड आणि गूळही प्रिय. चांगल्या साखरेतला आणि बाकीच्या गोडातला फरक त्यांना पटवून देण्याचा मौलानांनी हरप्रकारे प्रयत्न केला आणि शेवटी थकून सोडून दिला, असे ते स्वतःच लिहितात. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९० साली या प्रश्नाचा कीस काढून ठेवला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, जिभेला जे रुचते त्याबद्दल माणसाने ‘मला रुचते’ एवढेच म्हणावे, सगळ्यांना रुचलेच पाहिजे असा दावा करू नये. तो दावा सौंदर्याबद्दल करता येतो, सरबताबद्दल नाही. मौलानांना चहा हा जिभेचा विषयच वाटत नव्हता, तो त्यांच्यासाठी शेराच्या, संगीताच्या पंगतीत बसणारा होता. त्यामुळे ते दावा करत राहिले. मला त्यातली शेवटची ओळ अधिक आवडते, ती म्हणजे ‘थकून सोडून दिला’. नेहरू गूळ खात राहिले, मौलाना चमेली पीत राहिले. भारताचा शोध घेणारे एक पुस्तक त्याच किल्ल्यात एकाने लिहिले, दुसऱ्याने ही पत्रे. गुळावरून मैत्रीत खडा पडला नाही.

सगळीकडे इतके सहज होत नाही. माझी नावड आणि अल्लाहचा निषेध यांत गल्लत करण्याची आपल्याला खोड आहे. मक्केत १५११ साली तिथल्या कारभाऱ्याने उलेमांना जमवून कॉफीवर बंदी घातली होती. लोक रात्री एकत्र बसून कॉफी पितात आणि गप्पा करतात, हे त्याला रुचले नव्हते. त्याच्या न रुचण्याला शरियतचा अंगरखा चढवला गेला. ती बंदी फार टिकली नाही आणि पुढे त्याच मुस्लिम जगाने कॉफी साऱ्या दुनियेला पाजली. आजही आमच्या मोहल्ल्यात टपरीवर रात्री बसणाऱ्या पोरांकडे पाहून एखादे बुजुर्ग म्हणतातच की चहाखाने ही सैतानाची बैठक. त्यांना गलका आवडत नाही, त्यांची झोपमोड होते. तेवढेच म्हणावे, पोरे ऐकतील. सैतानाला मध्ये आणले की ती ऐकत नाहीत.

या बाबतीत आपल्याकडे एक फार नेमका दाखला आहे. आपण तो ऐकतो आणि पुढे जातो. बुखारी शरीफमध्ये ती हदीस आहे. उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (र.) यांच्या घरी प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांच्यापुढे जेवणात ‘दब्ब’ आले. वाळवंटातला घोरपडीसारखा प्राणी, भाजलेला. हे काय आहे ते सांगितल्यावर प्रेषितांनी (स.) हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (र.) सोबत होते. त्यांनी विचारले, हे हराम आहे का? उत्तर आले की नाही, पण आमच्या लोकांच्या मुलखात हे नसते, म्हणून मला ते नकोसे वाटते. मग हजरत खालिद (र.) यांनी ते ताट आपल्याकडे ओढले आणि प्रेषितांच्या (स.) देखत खाल्ले.

ज्यांच्या एका शब्दाने ते अन्न साऱ्या उम्मतसाठी बंद झाले असते, त्यांनी स्वतःच्या नावडीला नावडच म्हटले. कारणही साधे दिले, माझ्या मुलखात हे नसते. मला वाटते, खालिद (र.) यांनी विचारले हेही तितकेच मोलाचे आहे. त्यांनी मनातल्या मनात अंदाज बांधला नाही. दुसरी हदीस हजरत अबू हुरैरा (र.) यांच्याकडून आलेली, की प्रेषितांनी (स.) कधी कुठल्या अन्नाला नाव ठेवले नाही. आवडले तर खाल्ले, नाही तर राहू दिले. म्हणजे नको म्हणायची मोकळीक आहे, पण ज्याने पुढे ठेवले त्याच्या ताटाला नाव ठेवायची नाही.

हे सगळे मला पाठ होते. तरी मी काय केले ते सांगतो.

मौलानांचे पत्र वाचून मी बिनदुधाचा चहा सुरू केला होता. आधी हौस म्हणून, मग सवय म्हणून. घरात मला ‘चहाचे मौलाना’ म्हणून चिडवू लागले. २००८ च्या सुमारास माझ्या वर्गातला एक मुलगा पंधरा दिवस शाळेत आला नाही, म्हणून मी बैंगनवाडीत त्याच्या घरी गेलो. माळ्यावर जाणारी लोखंडी शिडी, खाली दहा बाय बाराची खोली, मधोमध मण्यांची आणि टिकल्यांची रास. मुलाची आई ओढण्यांवर टिकल्या लावायचे काम घरी आणून करत असे. तिने काम बाजूला सारले, जागा केली आणि धाकट्या मुलीच्या हातात पैसे ठेवून म्हणाली, जा, दूध की थैली ला. मी घाईने म्हणालो, “नको नको, आपा. दूध मत मंगवाइए. मैं बिना दूध की पीता हूँ.”

मला तेव्हा वाटले, मी फार चांगले केले. माझी आवडही सांगितली आणि तिचे पैसेही वाचवले. मुलगी दारातच थांबली. आईने मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाली, “सर, दूध का पैसा है हमारे पास.”

आवाज चढलेला नव्हता. मी काहीतरी सारवासारव केली, डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणालो. ते खोटे होते. बिनदुधाचा चहा आला. दूध नसल्यामुळे त्यात पाण्याचा वास लपत नव्हता, ड्रमचा आणि पाइपाचा. मी दोन घोट घेतले आणि बोलण्याच्या नादात विसरलो असे दाखवून कप खाली ठेवला. मुलगा दोन दिवसांनी शाळेत आला. त्याची आई पालकसभेला आली तेव्हा माझ्याशी बोलली नाही.

घरी येताना मला चेंबूर स्टेशनबाहेरची ती खारी आठवली. मी खोटे बोललो नव्हतो, निदान सुरुवातीला तरी नाही. बिनदुधाचा चहा मला खरोखर आवडतो. पण ती खोली आणि ती खोलीतली बाई यांच्यापुढे माझ्या आवडीला माझा अर्थ उरला नाही. तिने आयुष्यभर ऐकलेल्या सगळ्या ‘नको’ंच्या शेवटी माझा ‘नको’ जाऊन बसला. मौलानांनी किल्ल्यात शिपायाला दूध नको म्हणणे आणि शाळेच्या सरांनी बैंगनवाडीत दूध नको म्हणणे, शब्द एकच, पण खालचा माणूस वरच्याला म्हणतो तेव्हा त्यात मान असतो आणि वरचा खालच्याला म्हणतो तेव्हा अपमान होतो. मग वरच्याने काय करावे, आवडच सोडून द्यावी का? पुष्कळ दिवस मला वाटत होते की होय, सोडावी. समोर येईल तो चहा गोड मानून प्यावा. पण तसे पिणे म्हणजेही तिच्यावर उपकार करणे झाले असते. तिला कळलेही असते. माणसाला असा न आवडणारा चहा दात काढून पिणारा पाहुणा लगेच ओळखता येतो.

आणि त्या सहकाऱ्यांचे काय? ते २००३ मध्ये निवृत्त झाले होते, पुढे भेट नाही. त्यांना खरोखरच पित्त होत असेल. ईदच्या दिवशी सकाळपासून चार घरी चहा झाला असेल. किंवा अम्माचा हात आड आला असेल. खालिद (र.) यांच्यासारखे मी सरळ विचारले असते, सर, पित्त की आम्ही? तर कदाचित ते रागावले असते, कदाचित ओशाळले असते, आणि एखाद वेळेस हसून कप उचलला असता. मी विचारले नाही. त्याऐवजी नऊ वर्षे शाळेत त्यांच्याशी अदबीने वागलो आणि मनात खारी धरून ठेवली. त्यांनी ‘चालत नाही’ म्हणून जे मोघम ठेवले, ते मी माझ्या सोयीने भरून घेतले.

अम्माच्या शेवटच्या दिवसांत मी तिला कोनाड्यातल्या कपाबद्दल विचारले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “वो खुद बोली थी, मेरा अलग रखो.” मग पुन्हा गप्प. मग म्हणाली, “हमने भी ना नै बोले.”

गेल्या वर्षी त्या मुलाच्या निकाहचे आमंत्रण द्यायला आई आणि मुलगा दोघे आले. मुलगा आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्यांनी घरी येण्याचा आग्रह केला. मी लग्नाआधी एक दिवस गेलो. खोली तीच, वर एक मजला चढलेला, मण्यांची रास नाही. तिने गॅस पेटवला आणि विचारले, “सर, कैसी बनाऊँ?”

मी इतक्या वर्षांचा धडा घोकून गेलो होतो. म्हणालो, “जैसी आप लोग पीते हैं, वैसी.”

ती हसली. “हमारे यहाँ चार लोग हैं, चार किसम की बनती है. इनको अदरक, इसको फीकी, बहू अभी आयेगी तो उसका मालूम नहीं. आप अपना बोलो ना.”

मग मी माझे सांगितले. बिनदुधाचा, कडक, साखर अगदी कमी.

चहा आला. दूध नव्हते, कडक होता. साखर मात्र भरपूर होती, बहुधा घरातल्या खुशीची. मी कप रिकामा करून खाली ठेवला आणि साखरेबद्दल काही बोललो नाही.